चेन्नई पहिल्यांदा बघायला जाताना: सकाळ, संध्याकाळ आणि मधली दुपार

चेन्नईहून परत आलेली बरीच मंडळी सांगतात, "उकाडा फार, समुद्र मोठा आहे, बाकी बघण्यासारखं विशेष नाही." कसे फिरलात असं विचारलं की उलगडा होतो. दहा वाजता हॉटेलातून निघाले, बाराच्या सुमारास कपालीश्वराच्या दारात पोचले तेव्हा देऊळ बंद होत होतं आणि दुपारी दोन वाजता मरीनाच्या तापलेल्या वाळूत उभे होते. शहर बरोबर होतं, वेळ चुकली होती.

चेन्नई दोन पाळ्यांत जगते. पहिली पाळी पहाटे पाचपासून सकाळी साडेअकरापर्यंत आणि दुसरी दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत. देवळं, फुलबाजार, टिफिनची म्हणजे इडली-डोशाची हॉटेलं, समुद्रकिनारा, गाण्याच्या सभा हे सगळं या दोन पाळ्यांत रंगतं. मधले साडेचार तास छपराखाली घालवायचे: वस्तुसंग्रहालय, जेवण किंवा सरळ झोप. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच वेळापत्रकावर बेतलेलं आहे. तीन दिवस हाताशी असतील तर शहर आणि मामल्लपुरम (म्हणजे महाबलीपुरम) दोन्ही नीट होतात. दोनच दिवस असतील तर खरेदी गाळा, मामल्लपुरम गाळू नका.

कधी जायचं

महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी लागली की दक्षिणेची तिकिटं काढली जातात. चेन्नईसाठी हा काळ वाईट. आपल्याकडचा पाऊस परतीला लागतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, वर्षातला मोठा वाटा याच दिवसांत येतो आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही तेव्हाच. नोव्हेंबरमध्ये रस्त्यात पाणी साचून दोन दिवस खोलीत बसावं लागलं तर त्यात नवल नाही. दिवाळीची रजा चेन्नईसाठी वापरायचीच असेल तर तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

उत्तम काळ म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. त्यातही मार्गळी महिना, म्हणजे साधारण १५ डिसेंबर ते १४ जानेवारी, हा या शहराचा सगळ्यांत देखणा महिना. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. जानेवारीच्या मध्यात पोंगल हा सुगीचा सण येतो. त्या दोन-तीन दिवसांत बरीच दुकानं आणि छोटी हॉटेलं बंद असतात आणि काणुम पोंगलच्या, म्हणजे सणाच्या शेवटच्या, दिवशी अख्खं शहर मरीनावर उतरतं. मे महिना टाळाच. 'अग्नी नक्षत्रम' म्हणून तिथं ओळखले जाणारे ते कडक उन्हाचे दिवस मुलांना आणि वयस्करांना झेपत नाहीत.

वार बघूनच दिवस लावा. एग्मोरचं सरकारी वस्तुसंग्रहालय आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद, मामल्लपुरमच्या वाटेवरचं दक्षिणचित्र हे जुन्या घरांचं संग्रहालय मंगळवारी बंद, मरीनाचं दीपगृह सोमवारी बंद. त्यामुळे सहलीत शुक्रवार येत असेल तर तो मामल्लपुरमला द्यावा.

उतरणं आणि राहणं

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या गाड्या सोलापूर, गुंटकल, रेणीगुंटामार्गे येतात. तिकिटावर शेवटचं स्थानक सेंट्रल आहे की एग्मोर हे आधी वाचून घ्या, कारण दोन्ही वेगळी स्थानकं आहेत. परतीची गाडी नेमकी कुठून सुटते तेही तेव्हाच बघा. सेंट्रलचं अधिकृत नाव आता माजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) यांच्या नावाने आहे. पाटीवरचं लांबलचक नाव बघून गोंधळू नका, रिक्षावाला 'सेंट्रल' एवढंच म्हणतो.

मेट्रो हा नवख्या माणसाचा सगळ्यांत मोठा आधार. विमानतळावरून निळी मार्गिका थेट सेंट्रलला आणते, पुढे हायकोर्ट, मन्नाडी करत उत्तरेला जाते. हिरवी मार्गिका सेंट्रलहून एग्मोरवरून सेंट थॉमस माउंटला जाते. दोन्ही सेंट्रलला आणि आलंदूरला भेटतात. सामान घेऊन विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा खाली उतरून मेट्रो धरा.

रेल्वेने येत असाल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर एग्मोरला राहा. स्थानक, मेट्रो, वस्तुसंग्रहालय सगळं जवळ आणि खोल्या सर्व दरांत मिळतात. सोबत आई-वडील असतील तर मात्र मी मैलापूरच सुचवीन. देऊळ पायी, न्याहारी पायी, समुद्र दहा मिनिटांवर, आणि दुपारी खोलीवर येऊन पडता येतं. वयस्कर माणसांना या शहरात दुपारची झोप मिळाली तर संध्याकाळ आनंदाची जाते. लग्नाच्या साड्यांसाठीच आला असाल तर टी. नगर.

पहिली सकाळ: मैलापूर

पहाटे साडेपाचला उठा. सहाला कपालीश्वर मंदिराच्या माडा स्ट्रीटवर असायला हवं. देवळाच्या चारही बाजूंनी जे रस्ते जातात त्यांना माडा स्ट्रीट म्हणतात. रथ याच रस्त्यांवरून फिरतो, म्हणून ते रुंद आहेत. या वेळी घरांपुढे सडा झालेला असतो, बायका वाकून तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढत असतात, आणि फुलवाल्या मोगऱ्याचे गजरे हाताच्या मापाने मोजून देत असतात. गजरा आत जाण्याआधी घ्या.

पूर्वेचं राजगोपुर, म्हणजे मुख्य प्रवेशद्वारावरचा मनोरा, सुमारे १२० फूट उंच आहे आणि आताचं बांधकाम १९०६ सालचं. मूळ मंदिर समुद्राजवळ होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते गेलं आणि देव आताच्या जागी आला. आत पुन्नै (उंडी) वृक्षाखालचं छोटं देऊळ चुकवू नका. पार्वतीने लांडोर होऊन इथंच शंकराची पूजा केली अशी कथा आहे. लांडोरीच्या चोचीत फूल असलेलं शिल्प तिथं दिसतं. पश्चिमेला मोठं तळं आहे. दर्शन झाल्यावर त्या बाजूने बाहेर पडा, गोपुर तिथून छान दिसतं.

आपल्याकडच्या माणसाला तमिळ देवळात दोन गोष्टी नव्या वाटतात. पहिली, पंढरपुरासारखं देवाच्या पायावर डोकं ठेवता येत नाही. गाभारा लांब आणि अंधारा असतो, पुजारी कापूर ओवाळतात तेवढ्यात ते रूप डोळ्यांत साठवायचं. म्हणून आरतीच्या वेळी रेटारेटी न करता बाजूच्या रांगेतून पुढे सरका. दुसरी, शिवाच्या देवळात विभूती मिळते आणि विष्णूच्या देवळात तीर्थ, तुळस मिळते आणि डोक्यावर शठारी (देवाची पावलं असलेला मुकुट) ठेवली जाते. विभूती उजव्या हातात घ्यायची, उरलेली खांबावर पुसायची नाही, कागदात बांधून घ्या. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत. कातडी पट्टा-पाकीट आत नेणं टाळलेलं बरं. विशेष दर्शनाचं तिकीट असतं, पण साध्या दिवशी मोफत रांगही भराभर सरकते.

बाहेर पडून न्याहारी करा. मैलापूरमधल्या छोट्या मेसमध्ये सकाळी इडली, वेण पोंगल, वडा आणि कॉफी एवढंच असतं, पण ते ताजं असतं आणि संपलं की संपलं. वेण पोंगल म्हणजे तांदूळ आणि मुगाच्या डाळीची मऊ, तुपाळ, मिऱ्या-जिऱ्याची खिचडी. तिखट न चालणाऱ्या मुलांना ती हमखास आवडते.

साडेआठ-नऊला पायी किंवा रिक्षाने सांतोमे बॅसिलिकाकडे या. सेंट थॉमस या ख्रिस्तशिष्याची कबर इथं असल्याची श्रद्धा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चर्च बांधलं, आताची पांढरीशुभ्र, उंच मनोऱ्याची इमारत ब्रिटिश काळातली, १८९६ची. तळघरातल्या कबरीपाशी शांत बसता येतं. मैलापुरात एक गोष्ट लक्षात ठेवा: लूझ चौकाच्या आसपास मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामामुळे रस्ते वळवले जातात. थोडं अंतर असेल तर चालणंच सोपं.

दुपार: एग्मोरचं वस्तुसंग्रहालय

साडेअकराला लवकर जेवून घ्या आणि दुपार एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाला द्या. १८५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय देशातल्या सगळ्यांत जुन्या संग्रहालयांपैकी आहे. आवार प्रचंड आहे आणि सगळं बघायला गेलात तर दमून जाल. भुसा भरलेले प्राणी, नाणी, शस्त्रं सोडून द्या, मुलं हट्ट करतील तर शेवटी जा. फक्त दोन दालनं नीट बघा: कांस्यमूर्ती आणि अमरावती.

कांस्य दालनात चोळकाळातल्या मूर्ती आहेत. तिरुवालंगाडूचा नटराज आणि तिरुवेण्काडूचा अर्धनारीश्वर या दोघांपुढे प्रत्येकी दहा मिनिटं उभे राहा. या मूर्ती कशा घडल्या ते माहीत असलं की बघण्याची गोडी वाढते. आधी पूर्ण मूर्ती मेणाची करायची, दागिन्यांच्या कोरणीसकट. तिच्यावर मातीचे थर लिंपायचे. माती वाळली की तापवून मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाल्यावर मातीचा साचा फोडायचा. साचा फुटला म्हणजे तशी दुसरी मूर्ती होणे नाही. अर्धनारीश्वराच्या डाव्या अर्ध्या अंगाकडे बघा: कमरेची लवण, हाताची ठेवण, सगळं स्त्रीचं. उजव्या बाजूला शिवाचे दोन हात. मधली रेघ कुठंच ओढलेली नाही, तरी दोन देह वेगळे कळतात.

बैठकीला असलेली भोकं आणि कड्या तेवढ्याच आवर्जून बघा. या उत्सवमूर्ती आहेत. गाभाऱ्यातला दगडी देव हलत नाही, म्हणून उत्सवात दांड्या ओवून यांना खांद्यावर घेत आणि गावात फिरवत. आक्रमणांच्या काळात पुजाऱ्यांनी कितीतरी मूर्ती जमिनीत पुरून लपवल्या. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना त्या शेकडो वर्षांनी सापडल्या आणि गुप्तधनाच्या कायद्याखाली इथं आल्या.

अमरावतीची चुनखडीची शिल्पं आंध्रातल्या कृष्णाकाठच्या मोठ्या स्तूपाची आहेत. त्या स्तूपाचं वैभव सातवाहनांच्या काळातलं. आपल्या पैठणहून राज्य करणारे, नाणेघाटात लेख कोरून ठेवणारे सातवाहन तेच. या स्तूपाचे काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि बरेच इथं. मराठी माणसाने हे दालन केवळ शेजारच्या खोलीत जाता जाता बघू नये.

पहिली संध्याकाळ: ट्रिप्लिकेन आणि मरीना

चारनंतर देवळं पुन्हा उघडतात. ट्रिप्लिकेनच्या, म्हणजे तिरुवल्लिक्केणीच्या, पार्थसारथी मंदिरात जा. पल्लवांच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे देऊळ. इथला कृष्ण अर्जुनाचा सारथी म्हणून उभा आहे, म्हणून त्याला मिशा आहेत आणि हातात चक्र नाही, कारण युद्धात शस्त्र न धरण्याचा शब्द त्याने दिला होता. सोबत रुक्मिणी, बलराम, सात्यकी, प्रद्युम्न, अनिरुद्ध असं कुटुंबच आहे. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर बारीक वण आहेत, भीष्माचे बाण झेलल्याच्या त्या खुणा मानतात. प्रसादाचा गोड पोंगल मिळाला तर सोडू नका. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती याच देवळाशेजारी राहत. त्यांचं घर आता स्मारक आहे.

देवळापासून समुद्र चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. वाटेत कुठल्याही जुन्या हॉटेलात सांबारात बुडवलेली इडली खा. चमचा मागा, ती हाताने खायची नसते.

मरीना हा पूर्वेचा किनारा आहे, मावळता सूर्य तुमच्या पाठीशी शहरावर असतो. जुहूसारखा सूर्यास्त बघायला आलात तर निराश व्हाल. इथं सूर्योदय बघायचा असतो. संध्याकाळी वारा घ्यायचा आणि माणसं बघायची. पाण्यात मात्र उतरू नका. किनारा झपकन खोल होतो, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि दरवर्षी पोहायला येणारे लोक इथं बुडतात. मुलांचा हात धरून ओल्या वाळूच्या अलीकडे थांबा. 'तेंगा मांगा पट्टाणी सुंडल' अशी आरोळी ऐकू आली की थांबवा: उकडलेले वाटाणे, ओलं खोबरं आणि कैरी, कागदाच्या पुडीत.

किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत निघालात तर एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला मद्रासच्या इमारती असतात. माजी मुख्यमंत्री अण्णादुराई आणि एमजीआर यांच्या समाध्या, पुढे शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरींचं श्रमिकांचं शिल्प, मोठा दगड रेटणारी चार माणसं. पलीकडे विद्यापीठाचं सिनेट हाउस, प्रेसिडेन्सी कॉलेज आणि मग गोल आकाराचं विवेकानंदर इल्लम. ते १८४२ साली अमेरिकेहून जहाजाने आणलेला बर्फ साठवायला बांधलं होतं. पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद इथं राहिले.

दुसरी सकाळ: किल्ला आणि जॉर्ज टाउन

पुन्हा लवकर निघा. आज सूर्योदय मरीनावर बघून मग हायकोर्ट मेट्रो स्थानकाकडे जावं.

हे शहर इंग्रजांच्या ताब्यात आलं ते २२ ऑगस्ट १६३९ला, जेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने स्थानिक नायकांकडून किनाऱ्याची ही पट्टी मिळवली. सेंट जॉर्ज किल्ला त्यावर उभा राहिला. आज आत राज्याची विधानसभा आणि सचिवालय आहे, त्यामुळे तपासणी होते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि सुरक्षा रक्षक सांगतील तिथं फोटो काढू नका. बघण्यासारख्या जागा दोन. १६८० सालचं सेंट मेरी चर्च, जिथं १७५३ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न झालं, आणि शेजारचं संग्रहालय. संग्रहालयात १५ ऑगस्ट १९४७ रोजी याच किल्ल्यावर फडकवलेला तिरंगा जपून ठेवला आहे. तो बघायला जाच. चर्च आणि संग्रहालय एकाच आवारात असल्याने दीड तास पुरतो.

तिथून हायकोर्टाच्या लाल इमारतीला वळसा घालून जॉर्ज टाउन या जुन्या बाजारपेठेच्या भागात शिरा. १८९२ची ही इमारत बाहेरूनच बघायची. तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथं देवीचं दर्शन घेतलं असं हे देवस्थान सांगतं. तसा उल्लेख देवळात वाचायला मिळतो. महाराज त्या वर्षी दक्षिण दिग्विजयावर होते, जिंजी त्यांनी घेतली होती आणि वेल्लोरला वेढा पडला होता. मद्रासच्या इंग्रजांशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला होता. विषावर उतारा ठरणारे औषधी खडे त्यांनी मागवले आणि इंग्रजांनी ते पाठवले, हे कंपनीच्या कागदपत्रांत आहे. देऊळ छोटं, गल्लीतलं, गजबजलेलं आहे. बाराच्या आत पोचा.

या भागात मराठी कानाला एखादा ओळखीचा शब्द ऐकू आला तर थांबून बोला. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथं १८५५पर्यंत टिकलं. त्या काळात गेलेल्या घराण्यांचे वंशज चेन्नईतही आहेत आणि कितीतरी घरांत तमिळ वळणाची जुनी मराठी अजून बोलली जाते. आपण मराठीत नमस्कार केला की त्यांना फार बरं वाटतं.

जॉर्ज टाउनला संध्याकाळी पुन्हा आलात तर बर्मा बाजारजवळ 'अत्तो' खा. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेला नूडल्सचा प्रकार, वरून तळलेला कांदा, चिंच आणि केळीच्या खोडाचं गरम सूप.

खाण्याचं वेळापत्रक

इथल्या हॉटेलात खाण्याचे दोन वर्ग असतात: टिफिन आणि मील्स. टिफिन म्हणजे इडली, डोसा, पोंगल, पुरी, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. मील्स म्हणजे भाताचं जेवण, साधारण अकरा ते तीन. दुपारी एक वाजता मसाला डोसा मागितलात तर अनेक जुन्या हॉटेलांत 'नाही' ऐकायला मिळेल आणि चार वाजता भात मागितलात तरी तेच.

पानावरचं जेवण असं जेवा. केळीच्या पानावर पाणी शिंपडून पुसून घ्या, निमुळतं टोक डाव्या हाताला. भाज्या आणि लोणचं पानाच्या वरच्या अर्ध्यात वाढतात. भात एकदम सगळा कालवू नका. पहिला घास डाळ-तुपाचा, मग सांबाराचा भात, मग रसमाचा, शेवटी दह्याचा किंवा ताकाचा. प्रत्येक फेरीला वाढपी नवा भात घेऊन येतो. पुरे झालं की 'पोदुम' म्हणा आणि पानावर हात आडवा धरा. जेवण झालं की पान स्वतःकडे मिटवायचं.

कॉफी डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात, येते. ती डबऱ्यातून टंबलरमध्ये दोन-तीनदा वरून ओतायची, म्हणजे साखर मिसळते आणि कॉफी पिण्याजोगी होते. साखर कमी हवी असेल तर मागतानाच सांगा.

मांसाहारी मंडळींनी एक जेवण चेट्टीनाड पद्धतीचं घ्यावं. मिरी आणि दगडफुलाचा वास असलेलं मटण चुक्का (सुकं मटण) आणि परोट्याबरोबर साळणा (पातळ रस्सा). तिखटाला घाबरत असाल तर आधी विचारा. आपल्या कोल्हापुरी रश्शाचा सराव असेल तर काही वाटणार नाही.

मामल्लपुरम: पूर्ण दिवस

शहरापासून पावणेदोन तासांवर, पूर्व किनारा रस्त्याने, ज्याला तिथं सगळे ईसीआर म्हणतात. तिरुवान्मियूरहून बस मिळते, दोन-चार माणसं असाल तर दिवसाची टॅक्सी सोयीची. सहाला निघा आणि आठच्या आत तिथं असा. वाटेतलं दक्षिणचित्र, मगरींचं केंद्र हे सगळं येताना दुपारसाठी ठेवा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट जपून ठेवा, एकच तिकीट मुख्य स्थळांना चालतं.

क्रम असा ठेवा: आधी पंचरथ, मग अर्जुनाची तपश्चर्या आणि टेकडीवरच्या गुहा, शेवटी किनाऱ्यावरचं मंदिर. पंचरथांना सावली नाही, म्हणून ते सकाळीच.

हे सगळं काम सातव्या-आठव्या शतकातल्या पल्लवांचं. मामल्ल म्हणजे पहिला नरसिंहवर्मन, गावाला त्याचं नाव. पाच रथ हे बांधलेले नाहीत, एकेका खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहेत. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच ओळखू येईल. आणि हे नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. पल्लव राजसिंहाने, म्हणजे दुसऱ्या नरसिंहवर्मनने, इथलं किनारा मंदिर आणि कांचीपुरमचं कैलासनाथ मंदिर बांधलं. चालुक्य विक्रमादित्याने कांची जिंकली तेव्हा ते मंदिर लुटलं नाही, उलट तसा लेख तिथं कोरवला. त्या शैलीवरून पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर झालं आणि पुढे राष्ट्रकूटांच्या वेरूळच्या कैलासाने त्याचा आराखडा घेतला. वेरूळच्या वाटेची सुरुवात इथं समुद्रकाठी बघायला मिळते. म्हणून मी म्हटलं, दोन दिवस असले तरी मामल्लपुरम गाळू नका.

धर्मराज रथाचं वरचं काम आणि खालचं काम वेगळं बघा. वर बारीक कोरीव मूर्ती, खाली ओबडधोबड खांब. कारागीर वरून सुरू करत, आणि काम थांबलं तिथं थांबलं. अपूर्ण राहिल्यामुळेच कोरण्याची पद्धत समजते.

अर्जुनाची तपश्चर्या हा भला मोठा दगडी पट रस्त्यालगतच आहे. काही जण त्याला गंगावतरण म्हणतात, कारण मधल्या भेगेतून नाग खाली उतरताना दाखवले आहेत आणि एके काळी वरून पाणी सोडत असावेत. एका पायावर उभा हडकुळा तपस्वी शोधा, मग खाली उजवीकडे त्याच्यासारखंच एका पायावर उभं राहिलेलं मांजर शोधा, भोवती उंदीर. मुलांना हे शोधायला लावा, त्यांचा अर्धा तास मजेत जाईल. जवळच कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणून ओळखला जाणारा प्रचंड दगड उतारावर टेकून उभा आहे. तिथं गर्दी फार, पाच मिनिटं पुरे.

गावात छिन्नी-हातोड्याचा आवाज दिवसभर येत असतो. पाथरवटांच्या कारखान्यांत आत जाऊन बघायला कोणी नाही म्हणत नाही. काम चालू असलेली मूर्ती बघा, घ्यायची सक्ती नसते.

परतीच्या वाटेवर मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्रातली जुनी घरं खरोखर उचलून आणून इथं पुन्हा उभारली आहेत. चेट्टीनाडच्या घराचे सागवानी खांब आणि थंड फरशी बघत दुपार सहज जाते.

मार्गळीत गेलात तर

डिसेंबरच्या उत्तरार्धात असाल तर संध्याकाळी समुद्र सोडून सभेत जा. म्युझिक अकादमी १९२८ साली सुरू झाली. तिच्याशिवाय शहरात इतर कितीतरी सभा आहेत आणि या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यम चालू असतं. मोठ्या कलाकारांची रात्रीची तिकिटं आधीच संपतात. पण सकाळ-दुपारच्या अनेक मैफली मोफत असतात आणि तिथं उद्याचे मोठे कलाकार गातात. सभेच्या उपाहारगृहात पानावर जेवण मिळतं. गाणं न ऐकता फक्त तिथं जेवायला येणारेही असतात.

मैफल संपायच्या आधी उठू नका. मुख्य राग झाला, मृदंग-घटमचं वादन झालं की शेवटी हलक्या रचना येतात आणि त्यात मराठी अभंग बऱ्याचदा असतो. तंजावरच्या मराठी राजवटीत आपलं कीर्तन तिकडे रुजलं, हरिकथेतून अभंग गात राहिले, आणि आज मद्रासचा श्रोता विठ्ठलाच्या नावावर टाळ्यांचा ठेका धरतो. हे ऐकताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो.

बोलणं आणि रिक्षा

हिंदीचा आग्रह धरू नका. साध्या इंग्रजीत आणि चार तमिळ शब्दांत काम भागतं. पुरुषांना 'अण्णा', बायकांना 'अक्का', वयस्कर बाईंना 'अम्मा'. 'एव्वळवु?' म्हणजे किती, 'एंगे?' कुठे, 'वेण्डाम' नको, 'तण्णि' पाणी, 'नण्ड्री' आभार. 'अण्णा' म्हणून सुरुवात केली की पुढचं बोलणं सोपं होतं.

रिक्षा मीटरने क्वचितच येते. बसण्याआधी भाडं ठरवा किंवा मोबाइल अ‍ॅपवरून बोलवा. बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात, पण क्रमांक वाचता येतो. हॉटेलातून निघतानाच बसचा क्रमांक विचारून कागदावर लिहून घ्या. साध्या बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही.

खरेदी

शेवटची संध्याकाळ टी. नगरला. मांबलम स्थानकाबाहेरची रंगनाथन स्ट्रीट भांडी, कपडे, स्टीलसाठी. इथं खांद्याला खांदा लागतो, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि मुलांना नेऊ नका. पाँडी बाजारचा पदपथ मोकळा आहे, तिथं मुलांना घेऊन फिरता येतं. कांजीवरम घेताना रेशमाची खूण (सिल्क मार्क) बघा आणि काठ अंगापासून वेगळा विणून जोडलेला आहे का ते साडी उलटी करून पाहा. जोडाची ती नागमोडी रेघ मागच्या बाजूला दिसते. भाव करायची इच्छा नसेल तर सरकारी सहकारी हातमाग संस्था कोऑपटेक्सच्या दुकानात जा, किंमत लिहिलेली असते.

घरी न्यायला कॉफी पावडर घ्या, पण पाकिटातली नको. मैलापूर किंवा टी. नगरमध्ये बिया समोर भाजून दळून देणारी दुकानं आहेत. 'पीबेरी' की 'प्लांटेशन ए' ते विचारतील, हे बियांचे प्रकार आहेत. पहिल्यांदा घेत असाल तर दोन्ही निम्मी-निम्मी आणि चिकोरी (कॉफीत मिसळायची एका मुळाची पूड) वीस टक्के सांगा. दळण फिल्टरसाठी हवं असं सांगा, नाहीतर पावडर जाळीतून खाली येते. पावडर जाण्याच्या दिवशीच दळून घ्या आणि घरी गेल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढीच घ्यायची.